आखौऱ्याच्या फाटकापर्यंत

माझी मुलगी रोज मधल्या सुट्टीत फोन करायची. पोरं खिचडीच्या ताटांवर बसली की मी शाळेमागच्या लिंबाखाली जायचे. तिथं रेंज बरी यायची. ती जेवली का, भात किती खाल्ला, कपडे वाळले का, असलंच बोलणं. त्या गुरुवारी तिचा आवाज दबका होता.

"आई, कॉलेज बंद केलंय. गेटवर लई पोरं जमलीत. तुला ऐकू येतंय का?"

येत होतं. लांबून मोंढ्यातला, धान्यबाजारातला गलका यावा तसं. फक्त मोंढ्याचा गलका कधी एका सुरात येत नाही, हा एका सुरात येत होता.

"तू आत आहेस ना?"

"हाव. होस्टेलमध्येच. गेट लावून घेतलंय. उद्या बोलते."

संध्याकाळी मी तिला जेवलीस का म्हणून विचारलं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच बरोबरची खूण आली. दुसरी आलीच नाही. शुक्रवारी सकाळी पाहिलं तरी एकच. फोन लावला तर एक बाई इंग्रजीत आणि मग बंगालीत काहीतरी सांगायची आणि लाइन तुटायची. दुपारी टीव्हीवर कळलं की बांगलादेशात इंटरनेट बंद केलंय, विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलंय, आणि पोलीस गोळ्या घालतायत.

तिला तिकडं डॉक्टरकीला आम्हीच पाठवलं होतं. लातूरला तीन वर्षं क्लास केले, खोली घेऊन राहिली, पण सरकारी कॉलेजला मार्क थोडे कमी पडले. तेव्हा चीनला शिकणारी पोरं कोरोनामुळं घरी अडकून पडल्याच्या बातम्या ताज्या होत्या. आमच्या यांचं उदगीरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान. तिथं येणाऱ्या एकानं सांगितलं, बांगलादेशला पाठवा, शेजारचाच देश, वरण-भात खाणारी माणसं, आपल्यासारखाच अभ्यासक्रम. मलाही ते पटलं होतं. नकाशावर बोट ठेवून बघितलं तर आपल्याच देशाच्या कुशीत असल्यागत दिसायचं ते. तिच्या कॉलेजचं गाव सीमेपासून फार लांब नव्हतं. चौथं वर्ष चालू होतं. तोवर काही त्रास झाला नव्हता.

शनिवारी कर्फ्यू लागला. टीव्ही बघवत नव्हता आणि बंदही करवत नव्हता. तिच्या वयाची पोरं रस्त्यावर पळताना दिसायची, धूर दिसायचा, मग तेच दृश्य परत परत. हे दुकानात जायचे, सौदा अर्धा टाकून घरी यायचे, दारातूनच माझ्याकडं बघायचे. मी मान हलवली की परत जायचे. ओळखीपाळखीचे घरी येऊन बसायचे आणि विचारायचे, "पोरीला एवढं लांब कशाला पाठवलं?" मी त्यांना चहा करून द्यायचे.

त्याच दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी नांदेडहून बोलून राहिलो. रेल्वेत नोकरीला हाय. माझा पोरगा तुमच्या पोरीच्या कॉलेजात हाय, एक वर्ष मागं. पालकांच्या ग्रुपवर तुमचा नंबर भेटला."

त्यांच्या मुलाचंही काही कळलं नव्हतं. ते मुसलमान, त्यांच्या मराठीत उर्दू मिसळलेली. तेवढ्या ओळखीवर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. बोललो म्हणजे काय, एकमेकांना तेच तेच विचारलं. शेवटी ते म्हणाले, "मी इथं कलेक्टर ऑफिसात जाऊन आलो. तुम्ही लातूरला जा. पासपोर्टची झेरॉक्स द्या. दोन्हीकडनं नाव गेलं तर बरं."

आम्ही लगेच निघालो. लातूरच्या कलेक्टर कचेरीत आपत्ती व्यवस्थापनाचा कक्ष असतो हे मला शिक्षिका असून ठाऊक नव्हतं. पूर आला, वीज पडली, की तिथून फोन येतात एवढंच माहीत. सुट्टीचा दिवस होता, तरी एक तरुण अधिकारी बाई बसलेली होती. तिनं पासपोर्टची झेरॉक्स घेतली, मुंबईला मंत्रालयात फोन लावला, होस्टेलचा पत्ता मला दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, "मॅडम, दिल्लीचं ढाक्याशी बोलणं चालू आहे. आपल्या हायकमिशननं तिकडच्या सरकारला सांगितलंय. मुलांना सीमेपर्यंत आणायला ते पोलीस बंदोबस्त देणार आहेत. सीमेवर आपली माणसं उभी आहेत."

आमच्या यांनी हात जोडले. मी विचारलं, "कुठले पोलीस?"

"तिकडचेच."

परतीच्या वाटेवर मी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत बसले. ज्या पोलिसांवर तिथल्या पोरांचा राग पेटला होता, ज्यांच्या गाड्या जळताना मी दोन दिवस बघत होते, त्यांच्याच गाडीमागं माझी पोर येणार होती. दोन सरकारांनी बसून ठरवलं होतं, म्हणजे त्यात काही अर्थ असेल. पण रस्त्यावर दगड घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते कोण सांगणार? नळेगाव गेलं, पुढचीही गावं गेली. हे एकदाच म्हणाले, "बंदोबस्त म्हणजे बरंच की." मी हूं म्हटलं.

रविवारी सकाळी मी भाकरी थापत होते. हे आंघोळ करून लिंगपूजेला बसले होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसले की पूजा होईपर्यंत ते कुणाशी बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून मी त्यात कधी खंड पाहिला नाही. फोन वाजला. लांबलचक नंबर होता. पिठाच्या हातानंच उचलला.

"आई! मी बोलतेय. ऐक, हा आमच्या मॅडमचा फोन आहे, मधेच कटतो."

"बाळा, तू बरी हायस ना?"

"बरी आहे. ऐक ना. थोड्या वेळात बस निघणार आहे. सीमेपर्यंत. पोलिसांची गाडी संगं असणार. अर्ध्या मुली म्हणतात जायचं, अर्ध्या म्हणतात होस्टेलमध्येच थांबायचं, इथं तरी भिंती आहेत. काल एका रस्त्यावर पोलिसांची गाडी अडवून जाळली. नेपाळच्या मुली निघाल्यात. आई, मी काय करू? आत्ताच सांगावं लागतं."

मी यांच्याकडं बघितलं. त्यांनी डोळे उघडले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, कारण मी घाबरून फोन स्पीकरवर टाकला होता. त्यांच्या तळहातावरचं लिंग तसंच होतं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्यांनी पूजा मोडावी असं मला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं. त्यांनी मोडली नाही, आणि मी ओरडले नाही.

"आई? ऐकू येतंय का?"

"जा," मी म्हटलं. "बसमध्ये मधल्या सीटवर बस. खिडकीजवळ बसू नको."

"नक्की ना?"

"हाव. जा."

लाइन तुटली. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला होता. यांची पूजा संपली तेव्हा ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. जा म्हणताना मी कशाच्या जोरावर म्हटलं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या अधिकारी बाईच्या बोलण्यावर म्हटलं असेल. नेपाळच्या मुली निघाल्यात यावरही असेल. आवाज निघाल्यानंतर मात्र मला असं वाटलं की हे एक अक्षर मी परत गिळायला हवं. मी तो नंबर परत परत लावला. लागला नाही.

तो दिवस कसा गेला हे सांगणं अवघड आहे. नांदेडच्या भाऊंचा फोन आला, हेल्पलाइनवर कळलं होतं की बस निघाली. त्यांचा मुलगाही त्याच बसमध्ये होता. "ताई, निघाली म्हणजे पोचतेच," ते म्हणाले, पण त्यांचा श्वास फुलल्यासारखा येत होता. दुपारी टीव्हीवर एक जळणारी गाडी दाखवली. कुठलं गाव ते सांगितलंच नाही. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले. मागच्या दुकानांच्या पाट्या बंगालीत होत्या. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी त्या गाडीच्या खिडक्या बघत राहिले. बस आहे की जीप, एवढंच मला ओळखायचं होतं. ते दृश्य गेलं आणि जाहिरात लागली.

यांनी जेवायला नको म्हटलं. अंगणात जाऊन ते तुळशीची वाळकी पानं खुडत बसले, खुडून झाली तरी बसले. मी तूर निवडायला घेतली. चांगले दाणेही खड्यांबरोबर टाकतेय हे माझ्या लक्षात आलं, तरी हात थांबेना. सुटलेली बस कुठं असेल, याचा मी मनात रस्ता करत होते. उदगीर ते नळेगाव एवढं झालं असेल. आता उदगीर ते लातूर एवढं. मग पोचायला हवं होतं. मग पोचायची वेळ टळून गेली.

ऊन कलल्यावर फोन आला. नंबर आपल्याकडचा होता.

"आई, आले."

एवढंच. पुढं ती रडत होती की हसत होती ते कळलं नाही. मागं कुणीतरी हिंदीत "पानी पियो बेटा, पानी" म्हणत होतं. हे माझ्या हातातून फोन घ्यायला धडपडत होते, आणि मी सोडत नव्हते.

मुलं अगरतळ्याहून विमानानं हैदराबादला आली. नांदेडच्या भाऊंनी त्यांच्या रेल्वेच्या ओळखीवर दोघांना नांदेडच्या गाडीत बसवण्याची सोय केली, आणि आम्ही तिला आणायला नांदेडला गेलो. प्लॅटफॉर्मवर तीच आधी मला दिसली. बारीक झाली होती. तिनं यांना "अप्पा" म्हणून हाक मारली आणि मग तिथंच, हमालांच्या गर्दीत, खाली बसली. भाऊंनी आपल्या मुलाला छातीशी धरलं होतं, नि मुलगा त्यांच्यापेक्षा हातभर उंच.

भाऊंच्या घरी चहाला गेलो तेव्हा मुलांनी वाटेतलं सांगितलं. बसपुढं पोलिसांची जीप होती. एका ठिकाणी झाडं तोडून रस्त्यात आडवी टाकलेली. पलीकडं शंभरेक पोरं, हातात काठ्या. जीपमधल्या अधिकाऱ्यानं ड्रायव्हरशी बोलून जीप मागं घेतली, बसच्या पाठीमागं, लांब. हायकमिशनच्या माणसानं फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की सगळ्यांनी पांढरे अ‍ॅप्रन घालून बसा. काठ्या घेतलेली पोरं खिडक्यांशी आली. माझी मुलगी मधल्या सीटवर होती. पुढं बसलेल्या नेपाळच्या मुलीनं बंगालीत सांगितलं, आम्ही डॉक्टरकी शिकायला आलोत, घरी चाललोत. एक पोरगा आत डोकावला. सगळ्यांकडं बघितलं.

"मला वाटलं, झालं," मुलगी म्हणाली. "मग त्यानं विचारलं, पाणी आहे का तुमच्याकडं? आम्ही बाटल्या दिल्या. त्यांनी झाडं ओढून बाजूला केली. म्हणाला, आबार आशबेन."

"म्हणजे?" मी विचारलं.

"परत या."

आखौऱ्याला सीमेवर त्यांच्याकडचा अधिकारी फाटकापर्यंत चालत आला, त्यानं मुलं मोजून आपल्याकडच्या अधिकाऱ्याच्या हवाली केली, दोघांनी एकमेकांना सलाम केला. दिल्ली आणि ढाक्याचं जे काही बोलणं झालं असेल ते तिथं येऊन असं पुरं झालं होतं.

निघताना भाऊ आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आले. यांनी म्हटलं, "सुटलो बघा एकदाचं." भाऊ माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, तुमची पोरगी फाटकाच्या अलीकडं आली की तुमची भीती संपली. माझी अर्धी भीती पोरगा अलीकडं आल्यावर सुरू झाली. बांगलादेशातनं आलेला मुसलमान पोरगा. कुणी म्हटलं असतं, हा तिकडचाच हाय, तर?"

मला ते सुचलंसुद्धा नव्हतं. चार दिवस आम्ही एकमेकांशी बोलत होतो, एकच भीती वाटून घेत होतो असं मी धरून चालले होते.

"मग?" मी विचारलं.

"सरदारजी व्हता तपासायला. पासपोर्ट बघून म्हटला, नांदेड? हुजूर साहिबवाला नांदेड? आणि हसला. म्हणे, जा बेटा, घरी जाऊन माझ्या नावानं मत्था टेक." भाऊंनी डोळे पुसले. "पोरगा उद्याच जाऊन टेकून येतो म्हणला."

घरी आल्यावर मुलगी बरेच दिवस नीट झोपली नाही. मोंढ्यात दुकानाचं शटर खाली ओढलं की दचकून भिंतीला टेकायची. ऑगस्टमध्ये तिकडचं सरकारच गेलं. मग दोन्ही देशांत रोज काहीतरी वाकडं बोललं जाऊ लागलं. व्हिसा बंद, रेल्वे बंद. आमच्याकडं कुणी म्हणायचं, तिकडं आता आपल्या माणसांची धडगत नाही. कॉलेज मात्र सुरू झालं. तिचा व्हिसा शिल्लक होता, आणि अभ्यासाचं एकच वर्ष उरलं होतं.

"जायचं न्हाई," हे म्हणाले. "दुकानात बस. लग्न करू."

"अप्पा, एवढी वर्षं पाण्यात घालू का?"

त्या दोघांत आठवडाभर बोलणं बंद होतं. भाऊंना फोन केला तर ते म्हणाले, "मी न्हाई पाठवत ताई. माझ्यात तेवढा दम न्हाई." त्यांच्या मुलानं नांदेडला बी. फार्मसीला नाव घातलं. पहिल्यापासून.

मी यांना म्हटलं, मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत जाते. तिथं जाऊन मला बरं वाटलं नाही तर दोघी परत येतो. ते म्हणाले, "त्या दिवशी मी पूजेत व्हतो. तू जा म्हटलीस. मीबी तेच म्हटलो असतो का, मला ठावं न्हाई." एवढ्या दिवसांत ते त्यावर पहिल्यांदा बोलले होते.

दिवाळीनंतर आम्ही गेलो. सीमा अगरतळा शहराला इतकी लागून आहे की रिक्षानं गेलो. मला वाटलं होतं काटेरी तारा, तोफा असं काही असेल. फाटक होतं, दोन्हीकडं झेंडे, पलीकडं भाताची शेतं. लोक पिशव्या घेऊन रांगेत उभे होते. मी तिथल्या जवानाला विचारलं, "भैया, तिकडचे लोक तुमचं ऐकतात का? काही झालं तर?"

तो माझ्या मुलीच्या वयाचा असेल. त्यानं हिंदीत सांगितलं की वर काहीही चालू असो, त्यांच्या साहेबांची आणि पलीकडच्या साहेबांची बैठक होते, फोनही होतो, गेल्याच आठवड्यात झाली. मग थोडं थांबून म्हणाला, "पण माताजी, तुमची मुलगी आहे. मी काय सांगू?"

त्याच्या या शेवटच्या वाक्यानं मला घाम फुटला, आणि विश्वासही त्यामुळंच बसला. खोटा धीर त्यानं दिला नव्हता.

मुलीनं पाया पडायला वाकायच्या आत मी तिला धरलं. ती पलीकडं गेली. तिकडच्या एका बाई शिपायानं तिची बॅग उघडून पाहिली. मी दिलेला शेंगाच्या चटणीचा डबा उघडला, वास घेतला, काहीतरी बोलली, आणि माझी मुलगी हसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मग झाडांमागं वळेपर्यंत तिची निळी ओढणी दिसत होती. मी तिथं उभी राहिले, जवानानं "माताजी, अब चलिए" म्हणेपर्यंत.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते कुणाला कळलं नाही. रोज मधल्या सुट्टीत तिचा फोन यायचा, आणि यायला जरा उशीर झाला की मला फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी व्हायची. वर्तमानपत्र उघडलं की मी आतल्या पानावर जाते. दोन्ही देशांच्या सीमादलाचे प्रमुख भेटले, परराष्ट्र सचिव जाऊन आले, असल्या दोन-चार ओळींच्या बातम्या असतात. पूर्वी मी त्या कधी वाचल्या नव्हत्या. आता भेटले म्हटलं की त्या दिवशी जेवण जातं. बैठक पुढं ढकलली असं वाचलं की मी यांना सांगत नाही, पान घडी घालून ठेवते. त्यांनाही ते कळतं, कारण ते घडी घातलेलं पान उघडून वाचताना मी त्यांना पाहिलंय.

ती शेवटच्या परीक्षेत पास झाली. आता तिथंच इंटर्नशिप करतेय, अजून काही महिने आहेत. भाऊंचा फोन येतो अधूनमधून. मुलगा बरा शिकतोय म्हणतात, पण तिच्या पास होण्याचं सांगितलं तेव्हा ते पलीकडं गप्प झाले, आणि मग "मुबारक ताई, लई मुबारक" म्हणाले.

गेल्या आठवड्यात तिचा फोन नेहमीच्या वेळेला आला नाही. पोरं खिचडी खाऊन हात धुवायला लागली तरी नाही. लिंबाखाली उभं राहून माझे पाय गार पडले. शाळेची घंटा झाल्यावर आला.

"आई, बाळंतपण होतं. पहिल्यांदाच सगळं माझ्या हातानं. मुलगी झाली. बाळाच्या आजीनं मला भात भरवला, स्वतःच्या हातानं. म्हणून उशीर झाला."

मला आनंद झाला. तिला चांगलं म्हटलं, शाबास म्हटलं. पण पाय गार होते ते पुढच्या तासापर्यंत तसेच होते, आणि मी पोरांना बसून शिकवलं.